शिंपीमामांना दिवस गेले!

माणसानं महिनाभरात काय काय विकत घेतलं एवढंच मला सांगा. तो मत कुणाला देणार ते मी सांगतो! उगाच फुशारकी मारत नाही हो. साबणाच्या कंपनीत माझं कामच ते आहे. कोण साबण बदलणार, हे त्या माणसाच्या बायकोच्या आधी मला कळतं!

म्हणून सासूबाई वॉर्डाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या. प्रचारापुरता आमचा मुक्कामही त्यांच्याच घरी. सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धा वॉर्ड त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठा झालेला. पण प्रचार कसला? सगळ्यांना एकसारखी पत्रकं आणि सर्दी झाल्यासारखा एक लाउडस्पीकर!

"आई, जमाना कुठे चाललाय!" मी म्हणालो. "प्रत्येक मतदाराला त्याच्या मनातलं बोलणारा वेगळा मेसेज पाठवू. विरोधक तोंडात बोट घालतील!"

"त्यांच्या मनातलं तुम्हाला कसं कळणार?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याचं औषधांचं दुकान आहे. तिथे पॉइंट कार्ड असतं. औषध घ्या, मोबाइल नंबर सांगा, पॉइंट साठवा आणि टूथब्रश फुकट मिळवा. त्या टूथब्रशसाठी अख्खा वॉर्ड जिवाचं रान करत होता. म्हणजे कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला झोप येत नाही, सगळी कुंडली मेहुण्याच्या कंप्युटरात!

"अहो, लोकांनी नंबर टूथब्रशसाठी दिलाय," बायको म्हणाली. "निवडणुकीसाठी नाही."

"अगं, मी थोडाच वाचत बसणारे? मशीन वाचणार. मशीन काही जिन्यात उभं राहून चहाड्या करत नाही!"

"लोकांना विचारलंत का पण?" सासूबाई म्हणाल्या. तेवढ्यात बाहेर कार्यकर्त्यांनी हाका मारल्या, आणि त्या चपला घालत एवढंच बोलून गेल्या, "खाली नाव माझं जाणार आहे, लक्षात ठेवा."

मेहुण्यानं जरा डोकं खाजवलं. "भाऊजी, काही लफडं नाही ना होणार?"

"लफडं? अरे, तू नगरसेविकेचा चिरंजीव होणार आहेस!"

मेहुणा विरघळला. मी औषधं आणि मतदार यांची सोयरीक जुळवली, मेसेज लिहायचं कामही मशीनवरच सोपवलं. वरवर दोनचार वाचले. गुडघ्याचा पट्टा घेणाऱ्याला बागेतल्या बाकांचं वचन, कानातल्या यंत्राचे सेल घेणाऱ्याला हॉर्नबंदीचं. अंगावर काटा आला हो! इतकी हुशारी आपल्या घरात! मी बटण दाबलं आणि शीळ घालत झोपायला गेलो.

सकाळी दारावर थाप पडली. थाप कसली, धाडच! व्यायामशाळेचे मास्तर. यांचे केस म्हणजे नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटासारखे काळेभोर. वय विचारलं की "अंदाज करा!" म्हणून दंड दाखवणारा माणूस. त्यांनी फोन माझ्या नाकाला लावला.

'आदरणीय ज्येष्ठ नागरिक, केसांच्या कलपाचे भाव वाढल्याने आपली होणारी ओढाताण आम्ही जाणतो.'

"ज्येष्ठ?" मास्तर गरजले. "हा मेसेज माझ्या पोरांसमोर उघडला मी! डंबेल टाकून हसतायत लेकाचे!"

"मास्तर, भावना चांगली होती…"

"माझा कलप आणि तुमची भावना! संबंध काय?"

त्यांच्या मागे बेकरीवाला. त्याचा मेसेज काउंटरवरच्या पोरानं मोठ्यानं वाचल्यामुळे त्याच्या मधुमेहाची बातमी गिऱ्हाइकांना कळली होती आणि प्रत्येकजण केकऐवजी सल्ला देऊन जात होता. मेहुण्याचा फोन तर रडवेलाच होता. "भाऊजी, लोक काउंटरवर कार्डं फेकतायत! टूथब्रशसुद्धा परत करतायत! वापरलेले!"

आणि मग आले शिंपीमामा. मामा एकटे, लग्न न केलेले, पण अख्ख्या बिल्डिंगचा आधार. सगळ्यांची औषधं तेच आणतात आणि आपल्या एकाच कार्डावर पॉइंट घेतात. त्यामुळे आमच्या मशीनच्या हिशेबानं मामा म्हणजे दम्यानं बेजार, दात गेलेली, नुकतेच दात येऊ लागलेली आणि शिवाय गरोदर अशी एक व्यक्ती होती!

'प्रिय भगिनी,' मामांच्या फोनवर लिहिलं होतं, 'आपल्या पोटी वाढणाऱ्या बाळासाठी आम्ही पाळणाघर उघडणार आहोत.'

मला हसू आवरेना. "मामा, अभिनंदन! कितवा महिना?"

मामा हसले नाहीत. "मीही हसलो होतो. दुकानात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. एक बाई मात्र हसली नाही. म्हणाली, मामा, तुम्ही वरच्या मजल्यावरच्या सुनेची औषधं आणता ना? झालं. मी शर्टाची कॉलर लावेपर्यंत बातमी तिच्या सासरी पोचली."

मामांच्या पाठीमागे तीच सून उभी होती. सासूबाईंचीच जुनी विद्यार्थिनी. एवढ्यात सासूबाईही बाहेर आल्या.

"बाई," ती म्हणाली, "गेल्या खेपेला सगळ्यांना आनंदानं सांगितलं होतं. मग ते राहिलं नाही. प्रत्येकाला परत जाऊन तेही सांगावं लागलं. म्हणून या वेळी थोडं थांबणार होते. आईला सुद्धा सांगितलं नव्हतं. तिचा आत्ता फोन आला, मला परक्यांकडून का कळलं म्हणून."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मास्तरांनी फोन खिशात टाकला.

सासूबाईंनी तिला आत नेऊन बसवलं, तिच्या आईला स्वतः फोन लावला आणि "चूक माझ्या घरची आहे" असं सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"संध्याकाळी सभा आहे. काय बोलू?"

माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला! "आई, म्हणायचं की मेसेज विरोधकांनी आपल्या नावानं पाठवले! उलट सहानुभूती मिळेल! कोणाकडून किती मिळेल तेही काढून देतो!"

"तुम्ही," सासूबाई म्हणाल्या, "बाकावर उभे राहा."

लाक्षणिक अर्थानं नव्हे हो! संध्याकाळी भर सभेत, व्यासपीठावरच्या बाकावर, मी आणि मेहुणा शेजारी शेजारी! समोर सगळा वॉर्ड. मागच्या रांगेत विरोधी उमेदवार खुशीत शेंगा सोलत बसलेला.

"मेसेज माझ्या नावानं गेले," सासूबाई माइकवर म्हणाल्या. "दुकान मुलाचं, अक्कल जावयाची. मी एकदा विचारलं आणि उत्तर न ऐकताच निघून गेले, ही चूक माझी. तुमचं औषध हा तुमचा मामला आहे. तो मतांसाठी वापरायचा कुणाला हक्क नाही, मलाही नाही. सगळं पुसा!"

मी बाकावरूनच लॅपटॉप उघडला आणि मामांच्या आणि त्या मुलीच्या डोळ्यांदेखत सगळं पुसलं. मेहुण्यानं कार्ड बंद झाल्याचं जाहीर केलं. मग एक आजोबा काठी आपटत उठले.

"मला मेसेज आलाच नाही! मी काय मतदार नाही?"

"आजोबा, तुम्ही औषधच घेत नाही!" मेहुणा ओरडला.

"हेही सांगितलंत का सगळ्यांना!"

सभा फुटली हो हसून! मास्तरसुद्धा हसले. मला वाटलं, सुटलो. बाकावरून एक पाय खाली टाकलाही. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "उद्यापासून जावई घरोघर येऊन माफी मागतील. आणि त्यांना तुमच्याबद्दल जे कळलं, त्याच्या बदल्यात स्वतःबद्दल तसंच काहीतरी सांगतील. खरंखुरं!"

टाळ्या! असल्या टाळ्या त्या वॉर्डात कुणाला पडल्या नसतील!

मी गेलो. प्रत्येक दारात. मास्तरांनी तर खुर्ची देऊन, पंखा लावून, सगळ्या पोरांना गोलात बसवून ऐकलं. वरच्या मजल्यावर त्या मुलीनं दार उघडलं. तिची आई आली होती, दोघी एका ताटात फळं कापत होत्या. माफी मागून मी माझं गुपित सुरू करणार, तोच ती म्हणाली, "राहू द्या. मला नको कुणाचं." त्या एका दारात मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो.

सासूबाई निवडून आल्या. काठावर, पण आल्या! कशामुळे आल्या याचं विश्लेषण करायला माझे हात शिवशिवतात, पण बायको नुसती बघते आणि मी हात खिशात घालतो.

बाकी सगळं ठीक आहे. फक्त रस्त्यानं जायची सोय राहिलेली नाही. परवा भर चौकात, पलीकडच्या फुटपाथवरून, बसच्या आवाजाच्याही वर बेकरीवाला ओरडला, "काय जावईबापू, तळपायाची खाज कशी आहे?"

काय करणार? मतदार आहे हो! "उतार आहे!" म्हटलं.