चारुशीलाबाईंनी ग्रीक बेटावर स्वारी नेली त्याची हकीकत

श्री रंगदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु त्या साली राज्यात कोणी कोणावर फारसे रागावले नाही. राज्य लहान, पिठाच्या गिरणीवरील माडी एवढाच मुलूख. खाली गिरणी चालू जाहली की वर रंगाच्या पाण्याच्या पेल्यांत बारीक लाटा उठाव्या, आणि तैशा हलत्या पाण्यात कुंचले बुडवोन मंडळी दर शनिवारी दोन प्रहरी चित्रे काढीत. गादीवर नंदिनीबाई कर्णिक. हयात चित्रे शिकविण्यात गेली, केस पांढरे, आवाज मृदू, परंतु शब्द खाली पडत नसे. त्यांचे मनी आले की देऊळ, घाट, फळांची टोपली ऐसी चित्रे बहुत जाहली, आता एकवार परमुलुखी जावोन निराळा उजेड पाहावा. मग त्यांनी सभेत सांगितले की येत्या वैशाखात ग्रीस देशी जाऊ, तेथे समुद्रात एक बेट आहे, घरे चुन्याने पांढरी, गल्ल्या अरुंद, आत मोटार जात नाही, तेथे बिऱ्हाड करोन सकाळ-संध्याकाळ चित्रे काढू. मंडळीस बहुत आनंद जाहला आणि जो तो एकदम बोलू लागला.

त्या मंडळीत चारुशीलाबाई दळवी होत्या. विमा कचेरीत चाकरी, वय पन्नाशी उलटलेले, लग्न केले नाही. आई निवर्तल्यापासून वडिलांपाशी राहत. वडील केशवराव, यांस घरी-दारी सर्व तात्या म्हणत. पाटबंधारे खात्यात कालवे राखण्यात त्यांचा जन्म गेला, आता ऐशीच्या पुढे, साखरेचा विकार, गुडघे दुखरे. बाई सकाळी त्यांस चहा देत, गोळ्या देत, इंजेक्शन टोचीत, स्नानास पाणी काढीत, मग कचेरीस जात, आणि शनिवारची दोन प्रहर तेवढी आपली म्हणोन माडीवर येत. बेटाचे ऐकता त्यांचे डोळे लकाकले आणि लगेच विझले. बोलिल्या की आपणास जमणार नाही, तात्या एकटे कैसे राहतील. कर्णिकबाईंनी आग्रह केला नाही, इतुकेच म्हणाल्या की नाही म्हणावयाचे ते तात्यांनी म्हणावे, तुम्ही त्यांचे वतीने का म्हणता. मग बाईंनी रात्री जेवता जेवता सहज विषय काढिला आणि तात्यांनी भाकरीचा घास खाली न ठेविता विचारिले की पासपोर्ट काढावयास किती वेळ लागतो.

ऐसी मोहीम ठरली आणि तयारी सुरू जाहली. पासपोर्ट आला, मग व्हिसाचे काम. तेथे काचेवर बोटे ठेविता यंत्रास बाईंच्या बोटांवरील रेघाच सापडेनात, भांडी आणि धुणी यांनी त्या झिजोन गेल्या होत्या. खिडकीवरील मुलीने त्यांस हात धुवोन, मलम चोळोन पुन्हा यावयास सांगितले, आणि हलकेच म्हणाली की माझ्या आईचेही ऐसेच होते. दुसऱ्या खेपेस ठसे उमटले. बाईंनी ही गोष्ट घरी हसोन सांगितली, तात्या मात्र हसले नाहीत, त्यांनी लेकीचा हात हाती घेवोन दिव्याखाली धरिला आणि बराच वेळ पाहत राहिले.

फाल्गुनात कर्णिकबाईंनी सामानाची सभा भरविली आणि ताकीद दिली की बंदरापासून बिऱ्हाडापर्यंत पायऱ्याच पायऱ्या आहेत, हमाल मिळेल ऐसे धरू नये, आपली बॅग आपणास उचलिता आली पाहिजे. पायऱ्यांचा दगड पाय लागोन गुळगुळीत जाहला आहे, तरी बूट पकडीचे घ्यावे आणि ते आताच पायांत घालोन सैल करावे, कोरे बूट घालोन कोणी येऊ नये. तेलरंग नेऊ नयेत, कारण टर्पेंटाइन पेट घेते म्हणोन विमानात चालत नाही. जलरंगांच्या नळ्या मोठ्या बॅगेत, कुंचले वेताच्या चटईत गुंडाळोन, कागद लहान मापाचा. औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसहित जवळच्या पिशवीत ठेवावी, कारण मोठी बॅग कधी भलत्याच देशी जाते. टोपीस बंद शिवावा, तेथे वारा टोपी उडवोन नेतो, आणि वारा फार जाहला तर बोटीही बंद होतात, म्हणोन परतीच्या विमानाआधी हाताशी रिकामा वेळ ठेविला आहे, कोणी घाबरू नये. त्यावर मोहिते वकील, हे मंडळीतील सर्वांत हौशी, म्हणाले की आपण आपला शिसवी ईझल, म्हणजे चित्र टेकवावयाची तिवई, नेणार. कर्णिकबाई म्हणाल्या की अवश्य न्यावा, परंतु आधी तो घेवोन पाण्याच्या टाकीची टेकडी चढोन दाखवावी. वकील एकवार चढले आणि पुढे ईझलाचे नाव निघाले नाही.

चारुशीलाबाईही रोज सकाळी पाठीस पिशवी बांधोन टेकडी चढू लागल्या. प्रथम दम लागे, मग लागेना. अंग हलके जाहले, परंतु मन होईना. औषधांचे डबे भरिले, फोडणीची तयारी करोन ठेविली, जेवणाच्या डब्याची सोय लाविली, तरी निजताना काही राहिले ऐसे वाटे. हे तात्यांचे ध्यानी आले आणि एके दिवशी ते म्हणाले, "तू काही दिवस कर्णिकबाईंकडे जाऊन राहा. काय व्हायचं ते तू बेटावर असताना होण्यापेक्षा इथे होऊ दे."

मसलत चांगली होती. मग बाई बॅग भरोन, बंद शिवलेली टोपी घेवोन, तीन गल्ल्या पलीकडे कर्णिकबाईंचे घरी जावोन राहिल्या. तेथे चित्त लागेना. घटकेघटकेस फोन करीत, आणि तात्या दर वेळी ठीक आहे, इतुकेच म्हणोन ठेवीत. त्यावरून बाईंनी ताडले की ठीक नाही, तात्या लपवितात, आणि ठरल्यापेक्षा आधीच, न सांगता घरी परतल्या. दार लोटलेले होते. आत पाहतात तो तात्या आणि शेजारचे पेडणेकर कॅरम खेळत बसले आहेत. तात्यांची दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा, ओटा पुसलेला, इंजेक्शनाची पेटी जागेवर, आणि पेडणेकर काही बोलिले त्यावर तात्या ऐसे हसत आहेत की बाईंनी तैसे हसणे आई गेल्यापासून ऐकिले नव्हते. तात्यांनी वर पाहिले, म्हणाले बैस, आणि स्वतः उठोन चहा करोन आणिला. चहा चांगला जाहला होता. बाईंनी तो घेतला, कप विसळोन ठेविला, आणि ओट्याकडे तोंड करोन म्हणाल्या की आपला जाण्याचा विचार रहित जाहला, बॅग जड होते, खांदा दुखतो, आणि मंडळी सगळी आपल्याहून चांगली चित्रे काढितात.

पेडणेकर समजदार, ते चप्पल शोधीत निघोन गेले. तात्या स्टूल ओढोन स्वयंपाकघरात बसले. बाई मागे वळेनात. तात्या म्हणाले, "खांदा दुखत नाही तुझा."

नळ चालू होता तो बाईंनी बंद केला आणि म्हणाल्या, "इतकं सगळं जमतं तुम्हाला. मग मी इतकी वर्षं काय करत होते?"

तात्या सांगो लागले की तू गेलीस त्या सकाळी चहा दोन कपांचा टाकिला गेला. दुसरा कप घेवोन शेजारी गेलो, पेडणेकरांस म्हटले चहा घ्या, ते कॅरम घेवोन आले, ते रोजच येतात. दाढी करिताना तीन ठिकाणी कापले, हे पाहा. आणि म्हणाले, "तू नसलीस तरी चालतं, हे तुला दिसावं म्हणून मी सगळं नीट चालवलं. तू नसलीस तरी बरं वाटतं, असं कधी म्हणालो का मी?"

तेव्हा बाई वळल्या. तात्यांचे हनुवटीखाली खरोखरच कापले होते. त्यांनी वाटीत कोमट पाणी घेतले, कापूस भिजवोन ते पुसले, मलम लाविले, आणि पुसता पुसता रडो लागल्या. तात्या मान वर करोन स्वस्थ बसले. काही वेळाने म्हणाले की जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांस पाणी सोडिले, कालव्याचे दार उघडावयाचे आणि बाजूस व्हावयाचे, घरचे दार मात्र मजकडोन इतकी वर्षे उघडावयाचे राहिले. बाईंनी त्यांस हलू नका म्हणोन दटाविले. मग दोघांनी मिळोन बॅग पुन्हा उपसली. तात्या पलंगावर बसोन एकेक वस्तू हाती घेत आणि विचारीत की ही का, आणि बाईंस कारण सांगता आले नाही तर ती बाजूस पडे. दुसरा स्वेटर गेला, लोणच्याच्या दोन बरण्या गेल्या, घरच्या काळजीने घेतलेले पुष्कळसे गेले. रंगांस तात्यांनी हात लाविला नाही.

वैशाख आला, संवत्सर पालटोन विश्वावसु जाहले, आणि स्वारी निघाली. तात्या जिन्याच्या कठड्यापर्यंत आले, पुढे गुडघ्यांमुळे आले नाहीत. बाईंनी वाकोन नमस्कार केला, तात्यांनी पाठीवर थाप दिली. मग विमान जाहले, दुसरे विमान जाहले, अथेन्स शहर जाहले, आणि मंडळी बंदरावर पोहोचली तो वारा सुटला आणि बोटी बंद जाहल्या. मोहिते वकील कष्टी जाहले. कर्णिकबाईंनी मात्र मंडळीस धक्क्यावरील भिंतीच्या आडोशास बसविले आणि म्हणाल्या की समुद्र समोर आहे, कागद काढा. चारुशीलाबाईंनी टोपीचा बंद बांधिला, रंग मांडिले, आणि आधी घरी फोन लाविला. गोळ्यांचे विचारणार तोच पलीकडोन तात्यांनी विचारिले, "पाणी कसं आहे तिथलं?"

बाईंनी पाण्याकडे पाहिले. म्हणाल्या की निळे आहे. तात्या म्हणाले, "ते ठाऊक आहे. कसं निळं?" मग बाई सांगो लागल्या की काठाशी हिरवट, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखे, पुढे मोरपिसाच्या कडेसारखे, आणि वारा जेथे खाली उतरतो तेथे मध्येच काळे होते आणि पुन्हा उजळते, आणि त्यापलीकडे जे आहे त्यास शब्द सापडत नाही. बोलता बोलता त्यांचा दुसरा हात कागदावर चालो लागला. पलीकडोन कॅरमच्या सोंगट्या लावल्याचा आवाज आला, पेडणेकर खोळंबले होते. तात्या म्हणाले, "खेळू दे त्यांना एकटं. तू सांग, अजून सांग," आणि बाई सांगत गेल्या.

तात्पर्य, दुसरे दिवशी वारा पडला, बोट सुटली, स्वारी बेटावर पोहोचली, सर्व मंडळी आपली बॅग आपण उचलोन पायऱ्या चढली, आणि इकडे घरी तात्या सुखरूप राहिले. चित्रे बरी-वाईट बहुत जाहली. चारुशीलाबाईंचे सर्वांत आधीचे धक्क्यावरील, त्यात एका अंगास रंग वाहोन गेला आहे, ते तात्यांनी मागोन घेतले. एवढा मजकूर खरा, आणि एवढाच.