विळीवरची दुर्बीण

दत्तप्रसादने उभ्या आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे कशाचाही चाप ओढला नव्हता. तरीही त्या रविवारी दुपारी आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, शिकारीच्या रायफलवर बसवायची एक चकचकीत काळी दुर्बीण विराजमान झाली होती. घरात नवा जावई आल्यासारखा तो तिच्याभोवती घुटमळत होता.

त्याची कंपनी शिकारीचं आणि नेमबाजीचं सामान विकायची. आजवर दत्तप्रसाद तिथे तंबू, कंदील आणि थर्मास तपासत आला होता. आता प्रॉडक्ट हेडची जागा रिकामी झाली होती आणि मॅनेजर हिबाने दोन उमेदवारांच्या हातात एकेक दुर्बीण ठेवून सांगितलं होतं, "सोमवारी रिपोर्ट हवा. मालक स्वतः वाचणार आहेत." दुसरा उमेदवार रोशन. तो दर शनिवारी क्लबात जाऊन खरी रायफल चालवायचा आणि सोमवारी रायफलच्या धक्क्याने दुखावलेला खांदा सगळ्यांना दिसेल असा चोळत ऑफिसात फिरायचा.

"दत्ताभाऊ, तुम्ही आपले तंबू बघा," रोशन म्हणाला होता. "हे मर्दाचं काम आहे." तेव्हापासून दत्तप्रसादच्या डोक्यात नुसती भुणभुण चालू होती. काहीही होवो, ही जागा रोशनला जाता कामा नये.

पण रायफलीशिवाय दुर्बीण धरायची कशी? हात हलायचा, काचेतली नेम धरायची फुली हलायची, सगळंच हलायचं. काहीतरी जड, लाकडी, जमिनीला घट्ट बसणारं हवं होतं. त्याची नजर स्वयंपाकघरात गेली.

"अहो, ती माझ्या आईची विळी आहे!" साधना ओरडली. "कुडाळहून सामानात घालून आणलीय, कस्टमवाल्याला समजावता समजावता घाम फुटला होता मला!"

"अगं, पातं मिटवूनच ठेवतो. दुर्बीण वर बांधायची, एवढंच. एखादी नाडी दे."

साधनाने कपाळावर हात मारला आणि परकराची नाडी दिली.

आता प्रश्न निशाणाचा. तो बाल्कनीकडे वळताच आभा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, नो वे. समोर लोकांची घरं आहेत. इट्स इल्लीगल." पोरीचं बरोबर होतं. घरातल्या घरात पाहावं तर जवळचं सगळं धुरकट. मग राहिला मजल्यावरचा लांबलचक कॉरिडॉर. दत्तप्रसादने दिनदर्शिकेचं एक पान त्याच्या पार टोकाला, शेवटच्या दाराशेजारी चिकटवलं, या टोकाला सतरंजी अंथरली, विळी मांडली आणि तो पालथा पडला.

आणि काय सांगावं! एकादशीसमोरची बारीक अक्षरंसुद्धा स्वच्छ दिसली. चकती फिरवली की फुली सरकत होती, उलटी फिरवली की जागेवर येत होती. गडी खूश झाला आणि खुशीत आणखी पुढे सरकला.

"जरा मागे सरका की," साधना दारातून म्हणाली. "एवढं नाक कशाला खुपसायचं?"

"तू तुझं नारळाचं बघ. हे टेक्निकल आहे."

नेमकं तेव्हाच शेवटचं दार उघडलं. त्या घरातल्या जहांआराबाई, मूळच्या ढाक्याच्या, कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. पाहतात तो समोर एक माणूस जमिनीवर पालथा, एक डोळा मिटलेला, आणि एक काळी नळी थेट त्यांच्यावर रोखलेली!

"या अल्लाह! मार डाला!"

त्या किंकाळीने दत्तप्रसाद असा दचकला की त्याची भुवई दुर्बिणीच्या धातूच्या कडेवर खाडकन आपटली. मजल्यावरची दारं उघडली आणि पाठोपाठ लिफ्टमधून धापा टाकत सिक्युरिटीवाला आला.

"सर, गन किधर है?"

"गन नहीं है भाई. ये विळी है."

"विळी कौनसा मॉडेल है?"

"मॉडेल कसलं? मेरी आई का है! नारियल का है!" असं म्हणत साधनाने पातं उघडून टोकाचे दात दाखवले. सिक्युरिटीवाला तीन पावलं मागे सरला आणि त्याने फोन काढला. दत्तप्रसादने मनातल्या मनात हिशेब केला. प्रकरण पोलिसात गेलं की प्रॉडक्ट हेड खलास, व्हिसा खलास, आणि सोमवारी रोशन दोन्ही खांदे चोळणार.

एवढ्यात जहांआराबाई धीर करून जवळ आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे, ये तो बोटी है! मेरी अम्मी ऐसी ही पे मछली काटती थी!" पाहता पाहता त्या सतरंजीवर बसल्या, विळीवरून हात फिरवू लागल्या आणि त्यांनी सिक्युरिटीवाल्यालाच दटावलं, "फोन रखो. शरीफ लोग हैं. थोडा पागल हैं, बस."

"बाबा," आभा म्हणाली, "यू आर ब्लीडिंग."

भुवईवर चंद्रकोरीसारखी खोक पडली होती. साधनाने तिच्यात चिमूटभर हळद दाबली. दत्तप्रसाद कळवळला, पण बसून त्याने रिपोर्ट लिहिला आणि शेवटी प्रामाणिकपणे जोडलं, "मागची कड फार टणक आहे, तिला रबर हवं. पुरावा माझ्या भुवईवर आहे."

सोमवारी मालक अबू सैफ दोन्ही रिपोर्ट घेऊन बसले. वयस्कर माणूस, जुना शिकारी, मुंबईच्या व्यापाऱ्यांत राहून हिंदी शिकलेला. रोशनच्या रिपोर्टमध्ये सगळंच उत्तम होतं, कारण तो दुर्बीण बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकावरून उतरवलेला होता. मग त्यांनी दत्तप्रसादची पिवळी चंद्रकोर पाहिली.

"कौनसा बंदूक पे लगाया?"

रोशन गालात हसत होता. खोटं बोलायचं तर बंदुकीचं एक नाव तरी यायला हवं होतं! शेवटी त्याने विळीपासून जहांआराबाईंपर्यंत सगळं सांगून टाकलं. अबू सैफ असे हसले की डोक्यावरचा रुमाल घसरला.

"नारियल की मशीन पे इसने किनारे का खोट पकड लिया," ते रोशनला म्हणाले, "और तू हर शनिवार क्लब जाता है?" मग त्यांनी रुमाल सारून स्वतःच्या भुवईवरचा जुना पांढरा व्रण दाखवला. अगदी तशीच चंद्रकोर. "बंदूक धक्का मारता है, पहली बार सबको लगता है. पोस्ट तुम्हारा. रेंज पे आओ, मैं सिखाएगा."

दत्तप्रसाद तरंगतच दारापर्यंत पोहोचला, तेव्हा मागून हाक आली.

"हबीबी, एक बात याद रखना. थोडा पीछे हटके देखो. इतना नाक क्यों घुसाता है?"

संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स पाहून साधना हरखली. पहिला पेढा तिने देवापुढे ठेवला, दुसरा विळीपुढे. मग त्याची भुवई न्याहाळत तिने विचारलं, "एवढे मोठे शिकारी ते, काही शिकवलं की नाही तुम्हाला?"

दत्तप्रसादने अख्खा पेढा तोंडात कोंबला.

"शिकवलं ना," तो म्हणाला. "पण तुला नाही कळायचं. फार टेक्निकल होतं."