शेवंतीसाठी सोडलेला चहा

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. गिरणीत असताना सोड्याच्या बाटलीचं बूच मी दाताने काढायचो. घोडपदेवच्या आमच्या चाळीत कुणाचा दात दुखला की मी सांगायचो, "माझ्याकडे बघ. मी दातांच्या डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही." हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळी फजिती आहे.

गेल्या वर्षी माझी बायको शेवंती गेली. आमच्यात गेलेल्या माणसाच्या आवडीची एक वस्तू वर्षभर सोडतात. तेराव्याला मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, चहा सोडला. चाळीस वर्षं आम्ही सकाळ-संध्याकाळ समोरासमोर बसून चहा प्यालो होतो. तिची आवड मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

पण हातात काहीतरी लागतं. म्हणून मोसंबीचा रस धरला. सून अक्षदा सकाळी थर्मास भरून द्यायची. मी तो घोट घोट करत दुपारपर्यंत पुरवायचो आणि वर दात जपायचे म्हणून दर वेळी लगेच ब्रश करायचो. करपलेलं पातेलं घासावं तसा!

दहाव्या महिन्यात माठातलं साधं पाणी प्यालो आणि कळ थेट डोक्यात गेली. गाल धरून खाली बसलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी. समोर भिंतीवर शेवंतीचा फोटो. अक्षदाने पाहिलं आणि तीही रडायला लागली.

"बाबा, आईंची आठवण आली ना?"

आता हिला दात दुखतोय म्हणून कसं सांगणार? मी मान हलवली.

संध्याकाळपर्यंत माझ्याबद्दल चाळभर झालं की लवू खचला, त्याला एकटं सोडू नका. शेजारचे नाना आले, सुभद्रावहिनी आल्या. दुःखाच्या घरी लोक चहा नेतात, पण मी चहा सोडलेला. म्हणून कुणी लिंबाचं सरबत आणलं, कुणी संत्र्याचा रस, तोही बर्फ घालून. नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. मी पीत होतो, घोटाघोटाला डोळे भरत होते आणि ते पाहून नाना दुसरा ग्लास पुढे करत होते. "घे रे लवू. मोकळा हो."

चौथ्या दिवशी भातही चावेना. मुलगा निलेश मला लालबागला दातांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आजोबा, आंबट रस दिवसभर तोंडात खेळवला की दातांवरचं कवच मऊ पडतं. ते मऊ असतानाच तुम्ही ब्रशने खरवडून काढलंत. रस बंद. त्यापेक्षा बिनसाखरेचा चहा प्या."

घरी आलो तो पेच घेऊनच. चहा प्यावा तर शेवंतीला दिलेला शब्द मोडतो. नुसतं पाणी पितो म्हटलं तर चाळ म्हणणार, आता याने सगळंच सोडलं, आणि पुन्हा ग्लास येणार. शेवटी ठरवलं, दात गेले तरी चालतील.

परळहून माझी मेहुणी नलू भेटायला आली होती. तिला हे सांगितलं.

"भावोजी, ताईला चहा कुठे आवडायचा? पित्त व्हायचं तिला. तुम्ही एकटे पीत बसाल म्हणून प्यायची."

"मग आवडायचं काय?"

"मोसंबीचा रस. बाजाराला गेली की नाक्यावरच्या गाडीवर एक ग्लास हटकून. तुम्हाला चैन वाटेल म्हणून बोलली नाही कधी."

"तेराव्याला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? जाहीरच केलंत."

म्हणजे दहा महिने मी तिच्या नावाने तिचीच आवडती वस्तू थर्मास भरभरून प्यालो होतो!

त्याच संध्याकाळी फोटोपुढे हात जोडून रस सोडला, पुन्हा पहिल्यापासून एक वर्ष. अक्षदाने चहा केला. मी बशीत ओतून घोट घेतला. बरा लागला नाही. दहा महिन्यांत मला रस आवडायला लागला होता.

आता कुठे मी खरोखर काहीतरी सोडलं आहे.