सोपानअप्पाची थोरली

आमच्या वस्तीतला सोपानअप्पा भांड्याला कान लावून बसतो. आधी बोटाच्या पेरानं टिचकी मारतो, मग डोळे मिटून ऐकतो आणि मग असा निकाल देतो की भांडं परत करायला आलेल्या बाईला घाम फुटावा.

"वरण करपलं व्हतं."

"न्हाई अप्पा, उलिसं बुडाला लागलं व्हतं."

"मंग मी काय म्हणून राह्यलो? करपलं व्हतं."

बाई घरी जाऊन नवऱ्याला सांगते की त्या म्हाताऱ्याच्या अंगात काहीतरी येतं. अंगात बिंगात काही येत नाही. अप्पा कापसाच्या जिनात तेलवाला आहे. यंत्राच्या सांध्यासांध्यात तेल घालायचं, एवढंच त्याचं काम. कुठलं यंत्र कुरकुरतंय ते हा फाटकातूनच सांगतो. तीस वर्षं तेच केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगात जे जे धातूचं आहे ते आपल्याशीच बोलतं.

आमची वस्ती जालन्यात, जिनाच्या मागच्या बाजूला. मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यावर दगड. पोलीस ॲक्शन झाल्यावर दोन-तीन वर्षांनी आम्ही लोकांनी मंडळी काढली. नाव चांगलं लांबलचक ठेवलं होतं, पण ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. सगळे नुसतं 'मंडळी' म्हणतात. पगारी माणूस त्यात एक नाही. कोणाकडं मयत झाली, लग्न निघालं, घरातला कर्ता आजारी पडला, की मंडळीनं धावायचं. पाणी भरायचं, सरपण फोडायचं, रांधायचं, वाढायचं. दर बाजाराच्या दिवशी घराघरातून एक मूठ ज्वारी घ्यायची, ती अडल्या घरी द्यायची. ती टोपली घेऊन दारोदार फिरायची माझी बायको. तिच्यापुढं मूठ आवळून धरायची कोणाची हिंमत नव्हती. "मूठ उघड बाई, देवानं बोटं दिलीत ना?" असं तोंडावर म्हणायची.

त्या ज्वारीतून पुढं दोन तांब्याच्या देगा आल्या. देग म्हणजे मोठ्या पंगतीचा भात मावेल असं पातेलं. ठेवायच्या कुठं? अप्पा एकटा जीव, त्याच्या घरात जागा होती. तिथं ठेवल्या आणि तिथंच चुकलं म्हणा. दुसऱ्या दिवशी त्यांची नावं पडलेली. मोठी ती थोरली, बारकी ती धाकटी. तिसऱ्या दिवशी नियम निघाले.

पण आधी भांडण झालं. वस्तीत पाच-सहा जातींची घरं. कोणाच्या चुलीवरून उतरलेली देग कोणाच्या चुलीवर चढायची? सभा बसली. अप्पा उभा राहिला. "खालून जाळ लागला की देग सोवळी. जाळाला जात न्हाई. बराबर?"

हा 'बराबर' त्याचा शब्द. समोरचा माणूस 'बराबर' म्हणेपर्यंत तो पुढचं वाक्य बोलत नाही. त्या दिवशी सगळे रुसून गप्प. अप्पाही गप्प उभा. सावली सरकली, ऊन अंगावर आलं, तरी हा उभाच. शेवटी राघू हमाल वैतागून ओरडला, "बराबर रे बाप्पा, बराबर! भूक लागली मला." त्या एका बराबरवर ठराव पास झाला आणि आजपर्यंत कोणी मोडला नाही.

पण नियमातला नियम वेगळाच. देग तेरवीला, म्हणजे मयताच्या तेराव्या दिवसाच्या जेवणाला गेली, की पुढच्या वेळी ती आनंदाच्या घरी गेली पाहिजे. लग्न, बारसं, काहीही. मध्ये आनंद झाल्याशिवाय दुसऱ्या तेरवीला देग मिळणार नाही.

"का रे बाबा?" मी विचारलं.

"सलग दोनदा रडली की तिला सवय लागती, दाजी. मंग लगनात बी रडती."

"तांबं रडतं व्हय?"

"कान लावून बघा."

मी लावला. मला काही ऐकू आलं नाही. मी म्हणालो, तुझ्या कानात तेल गेलंय. तो म्हणाला, तुमच्या कानात गेलं न्हाई म्हणून तर.

या नियमापायी त्यानं वस्तीला सळो की पळो करून सोडलं. तेरवीहून देग आली, की हा आनंद शोधत फिरणार. पोटुशी बाई दिसली की विचारणार, "कवा व्हतंय?" बायांनी एकदा त्याला झाडूनं हाणायचं बाकी ठेवलं होतं. एका वर्षी तर काहीच मिळेना, तेव्हा राघू हमालाची म्हैस व्याली. अप्पानं थोरली डोक्यावर घेतली आणि राघूच्या दारात नेऊन आपटली. "चीक यात शिजव. सगळ्यांला वाट." वस्तीनं दारात बसून खरवस खाल्ला. मी म्हणालो, "अप्पा, म्हशीचं बारसं झालं का हे?" तर म्हणतो, "आनंद तो आनंद. म्हशीचा असला म्हणून काय झालं? बराबर?"

खरवस तोंडात होता. बराबर म्हणावं लागलं.

मला हा 'दाजी' म्हणतो त्याचं कारण माझी बायको. नात्यागोत्यात तो आमचा कोणी नाही. मंठ्याकडचा माणूस, तरुणपणी जालन्याला आला, बिनलग्नाचा राहिला, एवढंच आम्हाला ठाऊक. एका भाऊबीजेला तो ओट्यावर एकटाच बसून चिलीम ओढताना हिला दिसला. हिनं सरळ जाऊन हात धरून आणला, पाटावर बसवला आणि ओवाळला. तेव्हापासून ती त्याची अक्का झाली आणि मी दाजी. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

तीन वर्षांमागं पौषात ती गेली. ताप आला, सहा दिवस राहिला आणि तिला घेऊन गेला. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहून ती येणार नाही.

तेरवी आली. जेवायला सगळी वस्ती येणार, कारण तिच्या टोपलीतलं सगळ्या वस्तीनं खाल्लेलं. माझं एकच म्हणणं होतं. तिच्या नावाची शेवटची पंगत थोरलीत शिजली पाहिजे. बाजारात भाड्यानं भांडी मिळत होती. पण जी देग हिनं मूठ मूठ मागून उभी केली, चिंच लावून लावून घासली, ती वस्तीत असताना मी परकं भांडं आणायचं?

अडचण अशी की थोरली तीनच दिवसांमागं एका म्हातारीच्या तेरवीहून आलेली. आणि पौष महिना. पौषात लग्न कोणी करत नाही.

मी अप्पाच्या दारात गेलो. सुतकात होतो म्हणून ओट्याच्या खालीच उभा राहिलो.

"अप्पा, परवा थोरली लागती."

त्यानं मान खाली घातली. "दाजी, ती आत्ताच रडून आली."

"मंग?"

"तिला एकदा हसू द्या."

माझं डोकं फिरलं. "माझी बायको मेली, अन् तू मला भांड्याचं हसू सांगून राह्यला? लाज वाटती का? मंडळीची देग हाय, तुझ्या बापाची न्हाई."

बाया बाहेर येऊन बघायला लागल्या. अप्पानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग हळूच म्हणाला, "दुसऱ्या कोणाचं असतं तर एक वेळ देऊन टाकली असती, दाजी. अक्काचा भात मी रडक्या भांड्यात शिजवू?"

मी म्हणालो, "दोन दिवसांत आनंद कुठून आणणार हायेस?"

"बघतो."

त्यानं बघितलं. जिनात खाडा केला आणि सगळी वस्ती पालथी घातली. सरू पोटुशी होती, तिच्याकडं गेला. ती म्हणाली, "अप्पा, अजून दोन म्हयने हायेत. ओढून काढू का?" राघूची म्हैस भाकड. शेजारच्या मोहल्ल्यात जाऊन आला, तिथं दोन मयती. संध्याकाळी मला लांबून दिसला, रिकाम्या हातानं येत होता. मी ठरवलं, उद्या बाजारातून भांडी आणायची आणि या माणसाचं तोंड बघायचं नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळीच तो दारोदार फिरायला लागला. "दुपारी माझ्या घरी बारसं हाय. बायांनो, जल्दी या."

वस्ती हसली. नळावर दुसरा विषय नाही. "अप्पा, पाळण्यात कोण? तूच निजणार का?" सरूनं विचारलं, "बाळंतीण कुठं हाय?" अप्पा हसला नाही, चिडलाही नाही. "या तर खरं," एवढंच म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

दुपारी बाया गेल्या. थट्टा करायलाच गेल्या. मी सुतकी, मला बारशाला जाता येत नाही. त्याच्या दारासमोर बोळाच्या या बाजूला लिंबाचं झाड आहे, तिथं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, वेडेपणा बघू तरी.

दार उघडं होतं. आत थोरली चुलीवर, घुगऱ्या शिजत होत्या. आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत काही नव्हतं.

बाया झोळीत डोकावल्या, एकमेकींकडं बघायला लागल्या. सरू हसत म्हणाली, "अप्पा, लेकरू कुठं गेलं?"

अप्पा म्हणाला, "मंठ्याकडं गेलं. लई वर्सं झाली."

मग तो चुलीकडं तोंड करूनच बोलला. त्याचं लग्न झालेलं होतं. मुलगी झाली होती. बारशासाठी गावातून मोठं भांडं मागून आणलं, हरभरे भिजत घातले. बाराव्या दिवशी बारसं, अकराव्या दिवशी लेक गेली. चार दिवसांनी तिची मायही गेली. "भांडं कोरडंच परत द्यायला गेलो म्या. ज्याचं व्हतं त्यानं इचारलं, झालं का बारसं? म्या म्हनलं, झालं. तेवढं एक खोटं बोललो. ते आज खरं करून राह्यलो."

कोणी हसलं नाही. सरूनं डोळ्याला पदर लावला. वस्तीतली सगळ्यात जुनी बाई, अनसूयाबाई, पुढं झाली, झोळीची दोरी धरली आणि हलवायला लागली. गाणं म्हणायला लागली. बाकीच्यांनी मागून सूर धरला. रिकामी झोळी हलत होती आणि बाया ती भरलेली असावी तशी जपून हलवत होत्या.

मग अनसूयाबाई थांबली. "अप्पा, नाव? आत्या कुठं हाय? कानात नाव आत्यानं सांगायचं असतं."

अप्पा गडबडला. एवढं सगळं केलं आणि हेच विसरला. मग दारातून बाहेर आला, बोळ ओलांडून लिंबाजवळ माझ्यासमोर आला.

"दाजी, आत्या तर गेली. तुम्ही सांगा."

"अरे, मी सुतकी हाय."

"मी काय शिवून राह्यलो का तुम्हाला? तिथूनच सांगा. अक्कानं काय ठेवलं असतं?"

आता मला काय ठाऊक तिनं काय ठेवलं असतं? आम्हाला लेकरूच नव्हतं. आमच्या घरी नावं ठेवायचा प्रसंग कधी आला नाही. बाया दारात येऊन माझ्याकडं बघत होत्या. अप्पा बघत होता. माझ्या मनात दुसरं नावच येईना.

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नाच्या दिवशी बायांनी उंबऱ्यात अडवलं तेव्हा एकदा घेतलं, तेही खाली बघून. त्यानंतर सगळा संसार 'अगं' आणि 'ऐकलं का' यावर झाला. ती आजारी पडली तेव्हाही मी अगंच म्हणालो. शेवटच्या दिवशीही.

"सुंदरा," मी म्हणालो.

अप्पानं मान हलवली. "उद्या सकाळी थोरली घेऊन येतो," म्हणाला आणि आत गेला. झोळीत वाकून ते नाव त्यानं सांगितलं. मग बायांनी घेतलं. एकीनं घेतलं, दुसरीनं घेतलं, मग सगळ्याच एकदम. सुंदरा गं, सुंदरा, ऊठ गं, सुंदरा. तिला जाऊन बारा दिवस झाले होते. मी लिंबाला टेकून उभा राहिलो आणि ऐकत राहिलो.