डोंगरीचा सिनेटर

भाईंदरजवळच्या डोंगरी गावाच्या नाक्यावर लीलाधरचा फ्लेक्स लागला, त्यानंतरचा पाऊण तास तो जगातला सगळ्यात सुखी माणूस होता.

फ्लेक्स चांगला दहा बाय आठचा. डाव्या बाजूला हात जोडलेला लीलाधर. फोटोवर फ्लेक्सवाल्या दिपेशने अशी काही मेहनत घेतली होती, की अठ्ठावन्न वर्षांचा, खाऱ्या वाऱ्याने करपलेला लीलाधर नुकताच साखरपुडा झाल्यासारखा दिसत होता. उजव्या बाजूला मजकूर. चष्मा घरी राहिल्यामुळे तो काही त्याला वाचता येईना, पण मजकूर भरपूर आहे हे दिसत होतं आणि त्याला तेवढं पुरेसं होतं. रविवारी मच्छीमार मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. याआधी लीलाधर तीनदा उभा राहिला होता आणि तिन्ही वेळा आत्मारामने त्याला पाडलं होतं. आपलं काम लोकांपर्यंत नीट पोचलंच नाही, एवढीच काय ती चूक झाली, असं त्याचं ठाम मत होतं.

येणारे-जाणारे थांबत होते, वाचत होते, परत पहिल्या ओळीपासून वाचत होते. लीलाधर खाली उभा राहून, फोटोत जोडले होते तसेच हात जोडत होता.

तेवढ्यात रिक्षावाला शिवा रिक्षा बाजूला लावून उतरला. त्याने सगळा फ्लेक्स वाचला आणि सरळ लीलाधरच्या पाया पडला.

"काका, मानलं तुम्हाला. इतकं खरं कोण लिहितो?"

"आपल्याला लपवायला हायेच काय!" लीलाधर म्हणाला.

"तरी पण काका, दोन घटस्फोट झाले ते पण लिहायचं म्हणजे जिगर पाहिजे. तिसरं लग्न कधी केलंत? आम्हाला पत्ताच नाय."

लीलाधरचे जोडलेले हात तसेच राहिले. "वाच," तो म्हणाला. "मोठ्यानं वाच."

शिवाने वाचलं. राजकीय कारकीर्द. सुरुवातीला सलग चार निवडणुकांत पराभव. पाचव्या निवडणुकीत फेरमोजणीनंतर अकरा मतांनी विजय. दोनदा पक्षबदल, नंतर मूळ पक्षात पुनरागमन. दोन घटस्फोट, तिसरा विवाह स्वतःच्या प्रचारप्रमुखाशी. सभागृहात सलग चौदा तास उभ्याने भाषण करून विधेयक रोखून धरले. मका उत्पादकांचा खंदा कैवारी. वय वर्षे ब्याऐंशी, तरीही पुन्हा उभे राहण्याचा निर्धार. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत : आपला नम्र, लीलाधर.

"ब्याऐंशीचे वाटत नाय हां तुम्ही," शिवा म्हणाला.

लीलाधर धावतच घरी गेला. त्याची मुलगी हेमाली कॉलेजला निघायच्या तयारीत होती. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, राज्यशास्त्र घेऊन. सरांनी सगळ्या वर्गाला 'अमेरिकन सिनेटर : राजकीय कारकीर्द आणि निवडणुकांचा इतिहास' या विषयावर पोस्टर करायला सांगितलं होतं. तिच्या वाट्याला वॉल्टर हॅमरली नावाचा, मक्याच्या मुलखातला एक म्हातारा सिनेटर आला होता. पोस्टर आणि बाबांचा फ्लेक्स अशी दोन्ही कामं तिने काशीमिऱ्याच्या दिपेशला एकदमच पाठवली होती.

"मजकुराची अदलाबदल झाली, बाबा."

"म्हंजे माझा मजकूर त्या गोऱ्याखाली?"

"काल संध्याकाळीच लागलं ते कॉलेजात. मी गुंडाळीच उघडून नाही बघितली." हेमालीचा आवाज बारीक झाला. "आता आमचे सर वाचत असतील, की हा सिनेटर म्हणजे डोंगरीच्या दर्याचा वाघ आहे."

लीलाधरने दिपेशला फोन लावला. मागे मशिनची घरघर चालू होती.

"काका, सॉरी हां. पण इकडे पाय ठेवायला जागा नाय. साहेबांचा बर्थडे आहे, दोनशे फ्लेक्स चढवायचेत. सोमवारपर्यंत आपला एक पण माणूस मोकळा नाय. सोमवारी पहिलं तुमचं काम. बोले तो, फ्री में."

"रविवारी मतदान हाय रे!"

"हो का? अरेरे. बाकी फोटो कसा आलाय ते सांगा ना."

शेवटी लीलाधरने स्वतःच शिडी खांद्यावर घेतली आणि नाक्यावर आला. फ्लेक्सखाली दोन खुर्च्या टाकून आत्मारामची दोन माणसं बसली होती. मागे खुद्द आत्माराम, पांढऱ्या शर्टात.

"हात लावायचा न्हाय," आत्माराम म्हणाला.

"अरे, माझा फ्लेक्स हाय तो!"

"तुझाच हाय. म्हनून तर राखन ठेवली. उमेदवाराच्या प्रचाराला कोनी हात लावलेला मला खपायचा न्हाय. उद्या लोक बोलतील, आत्मारामनं उतरवला." त्याने आपल्या माणसांकडे बघितलं. "चहा मागवा रे लीलाधरसाठी. मक्याचं कनीस मिलालं तर तेही बघा."

शिडी घेऊन लीलाधर परत फिरला. पण खरं संकट अजून भाईंदरच्या मासळी बाजारात बसलं होतं. दुपारी दीड वाजता ते पाटी घेऊन बसमधून उतरलं आणि नाक्यावर फ्लेक्ससमोर उभं राहिलं.

चंद्रावतीने घरात येऊन पाटी खाली ठेवली. पदर खोचला. आवाज अजिबात चढवला नाही, आणि लीलाधरला भीती वाटली ती त्याचीच.

"पयल्या दोघी कोन?"

"अगो, कोन न्हाय! तो सिनेटर—"

"बत्तीस वर्सं मी तुमच्या जाल्यांना गाठी मारते. मी तिसरी? आनि परचारपरमुख?"

हेमाली मध्ये पडली. तिने आईला बसवलं, मोबाइलवर त्या हॅमरलीचा फोटो दाखवला. गुलाबी चेहरा, बर्फासारखे केस. मग सगळं समजावून सांगितलं. अमेरिकेत पन्नास राज्यं. प्रत्येक राज्यातून दोन सिनेटर. एकदा निवडून आला की सहा वर्षं बघायला नको. आणि लोकांनी निवडून दिलं तर मरेपर्यंत उभं राहायला मोकळा.

चंद्रावतीने फोटो जवळ धरून बघितला. "याला दोघींनी सोडला?"

"हो."

"का म्हनून?"

हेमालीने आपल्या वहीतून तिला वाचून दाखवलं. पहिली बायको चार निवडणुका हरेपर्यंत सोबत होती. दारोदार पत्रकं वाटायची. पाचव्यांदा तो अकरा मतांनी जिंकला, आणि नेमकी तेव्हा ती सोडून गेली.

"जिंकल्यावर गेली?" चंद्रावतीने मोबाइल हेमालीच्या हातात परत दिला. मग उठून तिने पायांत चपला घातल्या.

"कुठं चाललीस?" लीलाधरने विचारलं.

"घरोघर. गावभर झालं ना, लीलाधरला तीन बायका? आता मीच जाऊन सांगते एकेकीला. तुमी पन चला मागं. तुमाला बघून तरी लोकांना पटंल, की तीन बायका करायचं काम तुमचं न्हाय."

गुरुवारी दुपारी सुरू झालेली ही फेरी शनिवारी दुपारपर्यंत चालली. डोंगरीत एकही घर तिने सोडलं नाही. पहिल्या दोन-तीन घरांत ती नुसता खुलासा करून निघत होती. पण बायकांना तेवढ्यावर सोडवेना. दोन बायका लीलाधरच्या नाहीत हे त्यांना लगेच पटत होतं, फारच लगेच पटत होतं. लीलाधरला ते जरा लागलंही. पण मग त्या बायका ज्याच्या होत्या, त्याचं पुढे काय झालं?

"मग दुसरी कशी मिलाली त्याला?" पहिला प्रश्न हा.

चंद्रावती सांगायची. जे हेमालीच्या वहीत होतं ते सांगायची, आणि जे नव्हतं तेही सांगायची. चौथ्या घरापर्यंत सिनेटरला सासू मिळाली. नवव्या घरात त्याचा पक्षबदल झाला तो मेव्हण्याच्या नादाने. चौदा तासांचं भाषण ऐकताना तर बायका तोंडावर पदर धरून बसत.

"चौदा तास उभा? मग मधी त्याला... लागली तर?"

"तेच तर! बसला की हरला, असा नियम हाय तिकडं," चंद्रावती म्हणायची, आणि सगळी ओटी हसून लोटपोट व्हायची.

हसून झालं की बायका आपलं काढायच्या. बर्फाची गाडी मासळी लिलावाला गेल्यावर येते. सुकत घातलेल्या बोंबलांवर छप्पर नाही, मंडळाने दोन वर्षांपूर्वी पत्रे आणले ते गोडाऊनमध्ये गंजतायत. धक्क्यावरच्या बायकांच्या संडासाची चावी आत्मारामच्या घरी असते, आणि आत्मारामचं घर टेकडीवर. चंद्रावती ऐकून घ्यायची. तिला त्यातलं निम्मं माहीत होतं, कारण तिचंही तेच चाललं होतं.

लीलाधर बाहेर पायरीवर बसून चहा प्यायचा. तीन निवडणुकांत तो कुणाच्या घरात शिरला नव्हता. नाक्यावर खुर्चीवर चढून तास-तास भाषण द्यायचं, एवढाच प्रचार त्याला ठाऊक. पायरीवर बसल्याबसल्या त्याने ती चावीची गोष्ट पाच घरांत ऐकली आणि सहाव्या घरी तो आत डोकावून म्हणाला, "पन हे मला कोनी कवा सांगितला न्हाय?"

"तुमी बोलायचं थांबलात कवा?" आतून कोणीतरी म्हणालं.

शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या पटांगणात उमेदवारांची सभा झाली. आत्माराम वीस मिनिटं बोलला. मग लीलाधरचं नाव पुकारलं आणि तो उठला, तोच समोरची अर्धी माणसंही उठली. 'चौदा तास उभ्याने' हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सिनेटरचं असो की कोणाचं, पण लीलाधरच्या बाबतीत ते अशक्य कोणालाच वाटत नव्हतं. मागच्या रांगेतला एकजण तर चपला हातात घेऊन कुंपणावर चढला.

"अरे बसा! बसा!" लीलाधर घाबरून ओरडला. "दोन मिनिटं बोलतो. आईशपथ, दोनच!"

लिहून आणलेले सात कागद त्याने खिशातच ठेवले. दोन मिनिटांत काय सांगावं ते सुचेना, म्हणून तीन दिवस पायरीवर जे ऐकलं होतं तेच बोलला. बर्फ. पत्रे. चावी. आणि बसला. क्षणभर कोणाला कळलंच नाही की संपलं. मग टाळ्या सुरू झाल्या. इतकी वर्षं भाषणं केली, पण टाळ्यांचा आवाज त्याने व्यासपीठावरून प्रथमच ऐकला. तो पुन्हा उठून आभार मानणार होता, पण चंद्रावतीने खालून डोळे वटारले.

रविवारी मतदान झालं. दुपारी मोजणी झाली आणि लीलाधर एकोणचाळीस मतांनी निवडून आला.

आत्मारामने फेरमोजणी मागितली. फेरमोजणीत चाळीस झाली. त्याने तो कागद घडी करून खिशात घातला. मग घरी जाऊन बायकोला, विमलाबाईंना म्हणाला, "लोक उलटले."

"मीपन त्यालाच दिलं," विमलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "किती वर्सं सांगते, ती चावी धक्क्यावर ठेवा. दिवसाला पंधरा बायका दार वाजवतात. मला दुपारचा डोला लागत न्हाय."

सोमवारी सकाळी, शब्द दिल्याप्रमाणे, दिपेशची माणसं नवा फ्लेक्स घेऊन हजर झाली. मजकूर अगदी बरोबर होता. चंद्रावतीने त्यांना तो नाक्यावर लावू दिला नाही. तिने तो अंगणात नेला आणि पत्रे लागेपर्यंत बोंबलांवर टाकला. हेमालीचा फोन आला. सरांनी पोस्टर तिला पुन्हा नव्याने करायला लावलं होतं, पण आधी वर्गात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि विचारलं होतं, हा दर्याचा वाघ निवडणुकीला कुठे उभा आहे, आम्हीही त्याला मत दिलं असतं.

दहाच्या सुमाराला गावातल्या पंधरा-सोळा बायका घरी आल्या. लीलाधर तयारच होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. ओटीवर येऊन त्याने घसा साफ केला.

"माझ्या माता-भगिनींनो—"

"अध्यक्ष, तुमचा झाला आता," विमलाबाई म्हणाल्या. त्या सगळ्यात पुढे बसल्या होत्या. "चावी मी धक्क्यावर देऊन आले. चंद्रावती, तू सांग गो. तिसरी ऱ्हायली का गेली?"

लीलाधरने पुन्हा घसा साफ केला. कोणी वर बघेना. मग तो आत गेला आणि सोळा-सतरा कपांचं आधण ठेवलं. आलं ठेचताना बाहेरचं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

"ऱ्हायली," चंद्रावती सांगत होती. "ती कशाला जाईल? बोलतो लय, ते खरं. चार वेला पडला तरी अक्कल न्हाय आली, ते पन खरं. पन कोनाची होडी खडकावर लागली तर मानूस कवा घरात बसला न्हाय. अर्ध्या जेवनावरनं उठतो. तापात पन पान्यात उतरतो. आनि घरी आला की बायकोला पयलं इचारतो, तू जेवलीस का?"

"मक्याच्या गावात होडी कुठली गो?" कोणीतरी विचारलं.

"आसंल एखादी," चंद्रावती म्हणाली.

बायका एकेक करून हसू लागल्या. आत मंडळाचे नवे अध्यक्ष आलं ठेचायचा दगड हातात धरून तसेच उभे होते. चहा उतू जाऊन शेगडीवरून खाली ओघळला, तरी त्यांना हलवेना.