सहा चटयांच्या खोलीला चौदा चटयांचा एसी

मला फसवेल असा दुकानदार क्योतोत अजून जन्मायचाय! एसी घ्यायला अक्कल कितीशी लागते हो? आमच्याकडे जमीनभर चटया बसवलेल्या असतात, खोलीचं माप त्यांवरच; त्या मोजायच्या. खोली सहा चटयांची, तर खोक्यावर सहा चटया लिहिलेला एसी आणायचा. झालं!

पण मला घाई होती. गेल्या उन्हाळ्यात मी भोवळ येऊन पडले. मी मांजराशेजारी जरा आडवी झाले होते, असं लेकीला, मिसाओला, शंभरदा सांगितलं. ऐकेल तर शपथ. पितर घरी येतात त्या सणाला ती येणार होती. तोवर खोली गार नसेल, तर घराला कुलूप लावून मला टोकियोला नेणार. नवव्या मजल्यावर! तिथे भांडायला धड शेजारीणही नाही.

म्हणून म्हटलं, जरा मोठाच बरा. आमच्या क्योतोच्या चटया टोकियोवाल्यांपेक्षा ऐसपैस; सहाच्या आठ धरल्या. शेजारची टोमिए म्हणाली, पश्चिमेचं ऊन येतं, दोन चढव. दुकानदार ओनिशीनं फोनवर विचारलं, घर लाकडी का? लाकडीच. त्यानं दोन चढवल्या. मग वाटलं, देव्हाऱ्यातल्या तसबिरीत बसून आमच्या ह्यांनाही उकडत असेल. दोन त्यांच्या नावानं.

चौदा.

चार माणसांनी होडी उचलावी तसा एसी आला. भिंतीवर चढवला तेव्हा भिंत कण्हली. सुरू केला, आणि दीड मिनिटात खोलीत बर्फाळ होक्काइदो! एक माशी उडता उडता टपकन खाली पडली, खोटं सांगत असेन तर जीभ झडो. खोली गार झाली म्हणून एसी आपोआप बंद. बंद झाला की भाताच्या पातेल्यात बसल्यासारखी चिकचिक. उकडलं की पुन्हा सुरू. मी हिवाळ्याची कापूस भरलेली बंडी घालायची, काढायची, घालायची. एका दिवसात बावन्न वेळा! एवढा व्यायाम पंचाहत्तर वर्षांत केला नव्हता.

एकावन्नाव्या वेळी मिसाओ दारात उभी. माझ्या अंगात बंडी, हातात पंखा.

"आई, ऑगस्टात बंडी?"

"काढतेच आहे आता."

"मग पंखा कशाला?"

"तो बंडी काढल्यानंतरचा."

तिनं कपाटावरची माझी बॅग खाली काढली. मी लगोलग ओनिशीला फोन केला, तो धावत आला. मिसाओनं त्याला चटया मोजायला लावल्या. सहाच भरल्या.

"मग चौदाचा कसा दिलात?"

"बारापर्यंतचा हिशेब माझा, ताई," तो मान खाली घालून म्हणाला. "वरच्या दोन आजोबांच्या."

मग त्यानंच तोड काढली. अख्खं घर धरलं तर चौदा चटयांचंच होतं. मधली सगळी सरकती दारं उचलून काढली, तर एसी नीट चालेल. दहा मिनिटांत दारं मागच्या पडवीत गेली आणि सारं घर विहिरीच्या पाण्यासारखं गारेगार झालं. एसी शहाण्या सुनेसारखा हळूहळू चालू लागला. मिसाओनं माझी बॅग कपाटावर परत ठेवली. मी ह्यांच्यापुढे उदबत्ती लावली. जिंकले!

तेवढ्यात तिनं नवऱ्याला फोन लावला.

"मुलांना घेऊन इकडेच या. आमच्या नवव्या मजल्यापेक्षा इथे छान आहे. शाळा उघडेपर्यंत राहू."

आता घरात पाच माणसं, एक मांजर, आणि आडोशाला एकही दार नाही. जावई घोरतो ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. घर मी राखलंच हो, त्यात वाद नाही. मी सध्या राहते मात्र टोमिएकडे. तिच्याकडे एसी नाही, पण दारं आहेत.