डेल्मरनं स्वतःच्या जमिनीवर बांधलेलं मचाण

"आजपासून या घरात कांदा परतायचा नाही," असं डेल्मर टेस्केनं जून महिन्यात जाहीर केलं. हरणांच्या शिकारीचा मोसम नोव्हेंबरात सुरू व्हायचा होता.

"का? हरणं जेवायला येणारेत का आपल्याकडे?" त्याची बायको आर्डिस म्हणाली.

"वास कपड्यांत बसतो. हरणाला मैलभरावरून कळतो."

"म्हणजे तू हरणापासून मैलभरावर तरी पोचशील म्हण. गेल्या वर्षीपेक्षा बरं की!"

गेल्या वर्षीचं नाव काढलं की डेल्मरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये ज्याचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याचा मागचा तुकडा कापून, त्यावर नाव लिहून, शिकारीच्या खोपटाच्या भिंतीला ठोकतात. त्याचा मेव्हणा लायल याच्या खोपटात डेल्मरच्या सदऱ्यांनी अर्धी भिंत व्यापली होती. गेल्या मोसमात एक नर समोर आडवा उभा राहून पाला चघळत होता, आणि डेल्मरनं त्याच्या शेजारचं झाड मारलं. लायल कात्री घेऊनच आला. "दाजी, आता थेट चड्ड्याच शिवून आणा, सदरे पुरायचे नाहीत," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. त्यावर डेल्मर पाय आपटत बाहेर पडला आणि दारातून ओरडला, "स्वतःची जमीन घेईन, पण या खोपटात पुन्हा पाऊल टाकणार नाही! आणि तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा नर मारून दाखवीन!"

बोलून बसला म्हटल्यावर घेणं आलं. गावाच्या वरच्या अंगाला चाळीस एकर मिळाले. त्यात मुख्यतः दलदल होती. पण दलदलीपलीकडे ओकची झाडं असलेली सुरेख चढण होती, आणि चढणीच्या माथ्यावर काटेरी तारेचं जुनं कुंपण. कुंपणापर्यंत आपलं, असं डेल्मरनं ठरवून टाकलं. त्या मुलखातली जुनी कुंपणं गाई अडवायला घातलेली असतात, हद्दीशी त्यांचं काही देणंघेणं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डेल्मर तर दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेला. शेजारणीला नुसतं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण शिकारी माणूस आपली जागा शेजाऱ्याला सांगत नाही, मेला तरी सांगत नाही. अंगात शिकारीतलं दुसरं काही नसलं तरी हा एक गुण डेल्मरमध्ये काठोकाठ होता.

शेजारीण म्हणजे इर्मा गुल्सेथ, सत्तरीची विधवा. पहिल्याच आठवड्यात ती रस्त्यावर भेटली.

"काय रे डेल्मर, करवतीचा आवाज येतो रोज. काय चाललंय?"

"ख्रिसमसची झाडं लावतोय, काकू."

"अस्सं. ओकच्या चढणीवर?"

"छे हो! इकडे तिकडे. बघू अजून." असं म्हणून त्यानं गाडी दामटली. आपण काय हुशारीनं वेळ मारून नेली, याचं त्याला घरी पोचेपर्यंत कौतुक वाटत होतं.

मग त्यानं चढणीवर उन्हाळाभर हाडाची काडं केली. गोळी सुटायला वाटा मोकळ्या केल्या, झुडपं तोडली, दगड वेचले, हरणांना चरायला सलगम आणि क्लोव्हरचं गवत पेरलं. सर्वांत दांडग्या ओकवर मचाण बांधलं, छप्पर घातलं, खाली गालिचा अंथरला. माणसाचा वास झाकायला हरणाच्या मूत्राच्या बाटल्या विकत आणून त्या त्यानं अत्तरासारख्या जपून शिंपडल्या. घरी कपडे बिनवासाच्या साबणानं धुऊन पाल्याबरोबर डब्यात बंद. चीजच्या कारखान्यात तो फोरमन होता आणि अंगाला जन्मभराचा आंबूस वास होता, त्याचं काय करायचं हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नव्हतं.

झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात सप्टेंबरमध्ये फोटो यायला लागले. पहिल्या फोटोत पट्टेरी शेपटीचा रकून. दुसऱ्यात रकूनचं कुटुंब. तिसऱ्यात इर्माकाकू, हातात बादली, सलगम उपटताना.

"चोर आहे म्हातारी!" डेल्मर घरी येऊन किंचाळला. "माझ्या जमिनीत शिरून माझे सलगम नेते!"

"मग जा, जाब विचार," आर्डिस म्हणाली.

"कसा विचारू? मी ख्रिसमसची झाडं सांगितलीत!"

दोन दिवसांनी इर्माकाकू स्वतःच दारात हजर. हातात मटण-सलगमचं भांडं. "यंदा सलगम फार गोड आलेत रे, म्हटलं तुम्हालाही द्यावेत." डेल्मरनं दात ओठ खात आभार मानले आणि तेच दात वापरून दोन वाट्या खाल्ल्या. गरीब बिचारी, नेऊ दे चार सलगम, असं म्हणून त्यानं स्वतःला मोठेपणाही देऊन घेतला.

ऑक्टोबरात कॅमेऱ्यात तो आला. दहा टोकांची शिंगं, मान रेड्यासारखी. डेल्मर तो फोटो खिशात घालून थेट गावातल्या बारमध्ये गेला आणि लायलच्या ब्रँडीशेजारी आपटला.

"माझ्या जमिनीवरचा."

लायलनं बराच वेळ फोटो पाहिला. "नर चांगला आहे. पण दाजी, तो नुसता उभा आहे. गेल्या वर्षीचाही उभाच होता."

"पहिल्या दिवशी नऊ वाजता ये. ओढायला माणूस लागेल मला!"

सगळ्या बारनं हे ऐकलं. आता माघार नव्हती.

मोसमाच्या पहिल्या पहाटे डेल्मर दलदलीतून गुडघाभर चिखल तुडवत चढणीवर पोचला. शिडीवर पाय ठेवला, तर वरून आवाज आला, "हळू रे, किती धडधड करतोस! आणि वास कसला येतोय?"

मचाणावर शिकाऱ्याच्या नारिंगी कोटातल्या इर्माकाकू, मांडीवर नवऱ्याची बंदूक.

"काकू! हे मचाण माझं आहे!"

"मचाण तुझंच. ओक माझा. ही चढणच माझी. तुझं ते खाली, चिखल संपतो तिथे संपतं."

"पण कुंपण..."

"सासऱ्यांनी गाईंसाठी घातलं होतं. गाई काय नकाशे वाचतात? शेतकऱ्याचा मुलगा ना तू?"

"मग उन्हाळाभर बोलला का नाहीत?"

"विचारलं की मी. तू म्हणालास ख्रिसमसची झाडं. म्हटलं फोरमन माणूस आहे, त्याला कळत असेल, ख्रिसमसच्या झाडांना मचाण लागतं म्हणून. आता गप बस, तो आला."

तो खरंच आला. डेल्मरनं मोकळ्या केलेल्या वाटेनं आला, डेल्मरच्या सलगमांत मान घालून उभा राहिला. काकूंनी एकच गोळी झाडली.

"चल," त्या उतरत म्हणाल्या, "माझी कंबर धड नाही. तूच ओढ."

नऊच्या सुमाराला लायल आला, तेव्हा डेल्मर दोरीला जुंपलेला होता, मागे दहा टोकांचा नर आणि त्याच्यामागे बंदूक घेतलेल्या काकू.

"कुणी मारला?"

"काकूंनी," डेल्मर म्हणाला.

"तुमच्या मचाणावरून? तुमच्या जमिनीवर?"

स्वतःची हद्द माहीत नव्हती असं कबूल केलं, तर सदराच काय, कातडंसुद्धा भिंतीला लागलं असतं. डेल्मरनं घाम पुसला. "जमीन त्यांचीच आहे. मुद्दामच बांधलं तिथे. एकटी बाई, वय झालेलं. शेजारधर्म नको का?"

लायल काकूंकडे वळला. डेल्मरनं डोळे मिटून घेतले.

"हो ना," काकू शांतपणे म्हणाल्या. "सलगमही पेरून दिले. असा शेजारी शोधून सापडायचा नाही."

लायलनं डोक्यावरची टोपी काढली. इतक्या वर्षांत तो दाजींशी पहिल्यांदाच आदरानं बोलला, आणि डेल्मर इतका फुगला की दोरीचं वजन विसरला. पण लायलच्या तोंडात तीळ भिजत नसे. रविवारपर्यंत गावभर झालं. चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी पाद्र्यांनी नाव घेऊन कौतुक केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत दोन विधवा डेल्मरसमोर उभ्या राहिल्या. एकीला पुढच्या उन्हाळ्यात मचाण हवं होतं, सलगमांसकट. दुसरीचे गुडघे दुखत होते, म्हणून तिला शिडीऐवजी जिना हवा होता, कठडा लावलेला.

सगळे बघत होते. लायल तर कॉफीचा कप हातात घेऊन अगदी जवळ येऊन उभा होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

"बांधू की," डेल्मर म्हणाला. मग आवाज शक्य तितका खाली आणून त्यानं विचारलं, "पण बाई, तुमची हद्द नक्की कुठपर्यंत आहे?"

लायलच्या नाकातून कॉफी बाहेर आली.